नाकवालीची सहल

"एवढंसं तिकीट. जिभेवर ठेवलं तर सापडायचं नाही, आणि त्याच्यासाठी दिवसभर पाय तुडवायचे!" मागच्या सीटवरचे गृहस्थ बायकोच्या कानात म्हणाले. कानात म्हणजे आपलं त्यांच्या समजुतीनं. गाडी लहान होती आणि माझाही कान तिथेच होता.

"तुम्हीच म्हणालात ना, कुठेही ने पण खरेदीला नेऊ नकोस?" बायको म्हणाली. "मग बसा आता."

मी मागे वळून छान हसले. कुरकुरणाऱ्यांचं मला वावडं नाही. जो गाडीत कुरकुरतो तोच शेवटच्या थांब्यावर हलायला तयार नसतो, आणि हौसेनं नाचत आलेला दुपारनंतर पेंगतो. इतक्या वर्षांत याला अपवाद सापडलेला नाही.

आमच्या सहलीचं नाव 'नाकवाली'. हे एका पोस्टाच्या तिकिटाचं टोपणनाव आहे. निळसर हिरवं तिकीट, त्यावर हातात कंदील धरलेली एक बाई, एका बाजूनं दिसणारी. पहिल्या छपाईत तिच्या नाकावर मधोमध चांगला ठसठशीत उंचवटा आहे. दुसऱ्या छपाईत तो गायब, नाक पट्टीनं आखल्यासारखं सरळ. पहिल्या छपाईचे ताव परत मागवून जाळले गेले. तोवर जी थोडी तिकिटं पत्रांवर चिकटून गावोगाव गेली होती, तेवढीच वाचली. तिकिटं जमवणारे लोक त्यांच्यावर जीव टाकतात. दुसऱ्या छपाईला ते 'बिननाकाची' म्हणतात, जणू त्या बिचारीला नाकच नाही.

तिकिटावरची बाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आजी. ती सरकारी छापखान्यात तावांच्या पाठीला डिंक लावायच्या कामावर होती. तिकिटाचा तांब्याचा पत्रा कोरणारा कारागीर तिच्यावर भाळला, त्यानं तिचा चेहरा पत्र्यात उतरवला आणि पुढे तिच्याशी लग्न केलं. अशा रीतीनं ते नाक तांब्यातही उतरलं आणि वंशातही. नवऱ्याच्या आत्याला आहे, नवऱ्याला आहे, माझ्या लेकीला आहे. करारी, रेखीव, घराण्याचं, असं आमच्या घरात त्याच्याबद्दल बोलतात. माझं स्वतःचं नाक चष्मा टेकण्यापुरतं आहे. लग्न ठरलं तेव्हा आत्याबाईंनी माझ्याकडे बघून, "असू दे, मुलं आमच्यावर जातील," अशी स्वतःची समजूत घातली होती.

त्या दिवशी गाडी नवराच चालवत होता. पहिल्या थांब्यावर मंडळी उतरली तसा तो खिडकीतून हळूच म्हणाला, "तू सांगितलंस का आत्याला?"

"मी? आत्या तुमची."

"तुला बोलायची सवय आहे. दिवसभर बोलतेस."

"तिनं तुम्हाला लहानाचं मोठं केलं."

"म्हणून तर," तो म्हणाला आणि काच वर घेतली.

सांगायचं होतं ते असं. येत्या सोमवारी आमच्या लेकीच्या नाकाचं ऑपरेशन होतं. तो उंचवटा काढून टाकायचा होता. लेक शिकलेली, नकाशे काढायच्या कंपनीत कामाला लागलेली. ती रडली नाही, रुसली नाही, कुणाची परवानगीही मागितली नाही. जेवताना म्हणाली, "मला आरशात रोज सकाळी पणजी दिसते. मला मी दिसायला हवी." संपलं. मी तिची आई, मला दोन दिवस घास गोड लागला नाही, पण तिचं म्हणणं मला कळलं. नवऱ्यालाही कळलं असावं, कारण तो बराच वेळ स्वतःचं नाक चोळत बसला.

प्रश्न आत्याबाईंचा होता. त्यांनी लग्न केलं नाही. "मला कुणी पसंतच पडलं नाही," असं त्या सांगत, आणि आम्हीही तसंच सांगत आलो. भावाची बायको लवकर गेली, तेव्हा त्यांनी भाच्याला वाढवलं. आता सहलीच्या शेवटच्या थांब्यावर तिकिटाच्या पेटीशेजारी त्यांची खुर्ची असते. त्या एका बाजूला तोंड करून बसतात. लोक एकदा तिकिटाकडे बघतात, एकदा त्यांच्याकडे, आणि 'आहाहा' करतात. लेकीला सुट्टी असली की ती त्यांच्या मागे उभी राहते. तीन पिढ्या, तीन नाकं, एका रेषेत. त्या 'आहाहा'वर आत्याबाई पुढचा आठवडा काढतात. त्यांना जाऊन कोण सांगणार की सोमवारपासून एक नाक कमी?

लेकीनं सकाळीच बजावलं होतं, "आई, आज मी येतेय. तुम्ही दोघांनी आधी सांगितलंत तर बरं. नाहीतर मी तिथे उभी राहून सांगेन. तिच्या पाठीमागे जाऊन नाक कापून आले, असं मला करायचं नाही."

"निदान वाक्प्रचार तरी बरा वापर," मी म्हणाले.

तर पहिला थांबा जुनं टपाल कार्यालय. मी मंडळींना लांबलचक लाकडी काउंटरवर कोपर टेकून उभं राहायला सांगते. कडा जिथे झिजून खोलगट झाल्यात, तिथे कोपर आपोआप बसतं. इथे माणसं पत्राची वाट बघत उभी राहायची, एवढंच मी बोलते आणि गप्प बसते. माझ्या अनुभवात गाइड म्हणून बोलता कुणालाही येतं, गप्प बसणं शिकावं लागतं. कुरकुरे गृहस्थ सगळ्यांत आधी कोपर टेकून उभे राहिले. दोन खोलगट जागा सोडून तिसरी त्यांना बरोबर बसली. "अरे वा," ते म्हणाले. त्यांच्या बायकोनं, ती दातांची डॉक्टर होती, माझ्याकडे बघून डोळा मारला.

दुसरा थांबा छापखाना. आता तिथे खुर्च्यांचं गोदाम आहे, पण मालक भला, वरच्या डिंकखोलीत त्यानं काही ठेवलेलं नाही. तावांना वाळवायच्या लाकडी पट्ट्या अजून भिंतीला आहेत. ऊन तापलं की जुन्या डिंकाचा आंबूस वास येतो. इथे माझं हमखास टाळी घेणारं वाक्य आहे. "एका तावावर शंभर तिकिटं. पाठीवर डिंक फिरवायचा, ताव पट्टीवर टाकायचा, की समोर तिचाच चेहरा, शंभर वेळा! दिवसभर, ताव मागून ताव! सांगा, कुठल्या राणीच्या नशिबी हे आलं?"

लोक हसले, एकानं टाळी दिली. दातांची डॉक्टर मात्र त्या पट्ट्यांकडे बघत हळूच म्हणाली, "बाई गं. शंभर वेळा!"

तिच्या म्हणण्यात कौतुक नव्हतं. हे वाक्य मी किती वर्षं म्हणतेय देव जाणे, पण त्या डिंकाच्या वासात दिवसभर स्वतःच्या नाकासमोर उभी राहिलेली कोवळी पोर मला कधी दिसली नव्हती. त्या दिवशी दिसली. खाली उतरताना माझा पाय चुकला आणि कुरकुऱ्या गृहस्थांनीच मला सावरलं.

मधल्या सुट्टीत डबे उघडले. लेक थेट कामावरून येऊन पोहोचली. "सांगितलं?" तिनं बापाला विचारलं.

"गाडीत हवा कमी वाटतेय," बाप म्हणाला आणि चाकाशी जाऊन वाकला.

"बाबा, हवा गाडीत नाही, तुमच्यात कमी आहे," लेक म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "चल आई. मी सांगेन."

शेवटचा थांबा टपाल कार्यालयाच्याच वरच्या मजल्यावरची खोली. पडदे ओढलेले, कारण उजेडानं तिकिटाचा रंग उडतो. मधोमध काचेची पेटी, तिच्यावर काळं कापड. भिंतीवर दुसऱ्या छपाईचा अख्खा ताव चौकटीत लावलेला, तो काही दुर्मीळ नाही. आणि पेटीशेजारी आत्याबाई, इस्त्रीचे कपडे, केस चापून बसवलेले, मान अशी ताठ की माशी बसायला आली तर परवानगी मागेल.

लेक जाऊन त्यांच्या मागे उभी राहिली. मी कापड उचललं. 'आहाहा' झालं. नवरा दारात उभा होता. एरवी तो गाडीतून उतरत नाही.

मी नेहमीच्या आवाजात साहेबाची गोष्ट सुरू केली. बोलत राहिलं म्हणजे लेकीला तोंड उघडायला जागा मिळणार नाही, असा माझा भाबडा हिशोब. साहेब तपासणीला आला, त्यानं ताव बघितला, भिवया चढवून म्हणाला, "हे नाक आहे की दाराची मूठ? काढा ते!" साहेबाची नक्कल मी चांगली करते. आणि बिचाऱ्या कारागिरानं डोळ्यांत पाणी आणून आपल्याच प्रियेचं नाक घासून सपाट केलं. मंडळी हळहळली. कुरकुरे गृहस्थ तर साहेबाला शिवी देऊन मोकळे झाले.

"एक विचारू?" दातांची डॉक्टर भिंतीवरच्या तावाशी उभी होती, भिंग लावून. "ही शंभरच्या शंभर नाकं त्यानं एकेक करून घासली?"

"हो. पत्र्यावर प्रत्येक तिकीट वेगळं कोरलेलं असतं ना."

"मी दिवसभर असंच काहीतरी घासत असते, म्हणून विचारलं. धाकानं केलेलं काम शेवटी शेवटी उरकलेलं असतं. पहिले चार नीट, पुढे आपलं घाईघाईत. हे बघा, शेवटच्या ओळीतलंसुद्धा किती निगुतीनं केलंय. पापणीला कुठे धक्का नाही. साहेबासाठी कुणी असं करत नाही हो."

"कारागीरच होता तसा," मी म्हणाले. माझं ठरलेलं उत्तर. त्यावर सहसा कुणी पुढे विचारत नाही.

लेकीनं श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"आत्याआजी," ती म्हणाली, "मला तुला काहीतरी सांगायचंय."

"सोमवारी ना?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नव्हती, अजून तिकिटासारख्याच एका बाजूला बघत होत्या. "तुझा बाप फोनवर बोलतो तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला फोनची गरज लागत नाही. पंधरवडा झाला मला कळून. म्हटलं, बघू तरी, या घरात कुणाला तोंड फुटतंय का."

नवरा दारातल्या दारात आखडला. "आत्या, मी आज सांगणारच—"

"तू गप रे. तुला माझ्या आईनं काय सांगितलं होतं ते तू तरी कधी कुणाला सांगितलंस?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. म्हणजे त्याला काहीतरी माहीत होतं. एवढी वर्षं मी साहेबाची नक्कल करत होते आणि हा माणूस सगळं माहीत असून खाली गाडीत बसून राहत होता.

आत्याबाईंनी खुर्ची फिरवली. सहलीतल्या लोकांनी त्यांना समोरून पहिल्यांदाच पाहिलं असेल. समोरून त्या अगदी वेगळ्या दिसतात, जरा दमलेल्या, बऱ्याचशा मिश्कील.

"साहेब-बिहेब कुणी आला नव्हता," त्या डॉक्टरला म्हणाल्या. "तुम्ही बरोबर ओळखलंत. माझी आईच गेली होती त्याच्याकडे. वडिलांकडे, म्हणजे तेव्हा ते वडील नव्हते. डिंकखोलीतल्या बायका ताव उचलून हसायच्या. एकीनं तर नाकावर रुमाल वाळत घातल्याची नक्कल केली होती. आई म्हणाली, तुम्ही मला फार जीव लावून कोरलंत, आता तेवढाच जीव लावून हे कमी करा. त्यांनी केलं. वरच्या लोकांना सांगितलं, पत्र्यात दोष राहिला होता. ताव जाळायला लागले ते त्यामुळे."

"मग साहेब?" कुरकुऱ्या गृहस्थांनी विचारलं. शिवी वाया गेल्याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

"ते तिकीट दुर्मीळ झालं, लोक बघायला यायला लागले, तेव्हा साहेब आला. आईनंच आणला. लाज वाटली असेल. मग मी सांगत राहिले, मग हा गप्प राहिला, मग सूनबाई नकला करायला लागली. चांगल्या करते हो, मलाही खरा वाटायला लागला होता तो."

कुणीतरी हसलं. आत्याबाईंनी हात मागे नेला आणि लेकीचं मनगट धरून तिला पुढे, स्वतःच्या समोर आणलं. दोघी एकमेकींकडे तोंड करून होत्या. मला वाटलं, आता 'घराण्याचं' हा शब्द येणार. माझे दोन्ही हात काळ्या कापडात गुंडाळले गेले होते.

"रागावलीस?" लेकीनं विचारलं. आवाज खणखणीत होता, पण डोळे भरले होते.

"तुझ्यावर? मला बघायला तिघं जण आले होते, पोरी. तिघंही चहा पिऊन गेले. पसंत मला कुणी पडलं नाही असं नाही. दुसरा तर चांगलाच पडला होता." आत्याबाईंनी तिच्या नाकावरून अंगठा फिरवला, वरून खाली, उंचवट्यावर क्षणभर थांबून. मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाक मोठं आहे आपलं. मोठंच आहे. आईला आवडलं नाही, मला कधी आवडलं नाही, आणि तुलाही आवडत नसेल तर तसं सरळ म्हण."