टॅपेट कव्हरवरचा नारळ

ललितने नारळ फोडला तो गाडीच्या इंजिनावर, आणि खापर फोडलं ते सावळीराम मिस्तरींच्या माथ्यावर. यातलं पहिलं फोडणं कुणी पाहिलं नव्हतं. दुसरं मात्र पेठ रोडवरच्या अर्ध्या गल्लीने ऐकलं.

मखमलाबादला ललितच्या वडिलांची, मोतीराम आबांची, जपानी इंजिनची जुनी ॲम्बॅसेडर आहे. एके काळी मळ्यातले गुलाब तिच्याच डिकीतून पंचवटीत जायचे. आता फुलं टेम्पोतून जातात आणि ॲम्बॅसेडरमधून जातात ते फक्त आबा. घरात नवी गाडी आहे, पण तिच्यात आबा परक्याच्या घरी बसावं तसे अंग चोरून बसतात. दसऱ्याला पूजेचा पहिला मानही ॲम्बॅसेडरचाच.

यंदा आबांचे गुडघे धरले होते, म्हणून पूजा ललितकडे आली. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनाला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ ओवाळला. आता तो फोडायचा कुठे? अंगणातला नेहमीचा दगड नवी फरशी बसवताना कुठे गेला कुणास ठाऊक. आणि "फरशीवर नको हं, टवका उडेल," असं त्याची बायको भाग्यश्री आत जाता जाता बजावून गेली होती. ललितने इकडेतिकडे पाहिलं. समोर इंजिन होतं आणि त्याच्यावर ते लांबट ओतीव झाकण, गॅरेजात ज्याला टॅपेट कव्हर म्हणतात. दिसायला दणकट होतं. गाडीचा नारळ गाडीवर फोडला तर बिघडलं कुठे, असा एरवी हुशार माणसाला न शोभणारा विचार त्याने केला आणि दिला दणका. पहिल्याने काही झालं नाही, म्हणून दुसरा जोरात दिला. नारळाचं पाणी फडक्याने टिपताना त्याला कव्हरच्या काठाशी केसाएवढी रेघ दिसली. ओरखडा असेल, असं स्वतःला समजावून त्याने बॉनेट लावून टाकलं.

ओरखड्यातून तेल गळत नाही. पुढच्या आठवड्यात आबा एका साखरपुड्याला निघाले, तर बॉनेटमधून धूर. तेल झिरपून खालच्या तापलेल्या पाइपवर पडत होतं. गाडी कशीबशी सावळीरामांच्या गॅरेजात नेली. दसऱ्याच्या आधीच त्यांनी त्या कव्हरखालची पॅकिंगची पट्टी बदलून बोल्ट आवळले होते. हा माणूस आबांच्याच वयाचा, त्यांचा जुना मित्र, ललितच्या तोंडी 'नाना', आणि ही गाडी आल्यापासून तिला दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नाही.

सावळीरामांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. "तडा गेलाय."

"कशानं?" आबांनी विचारलं.

सांगायची वेळ हीच होती. पण चाळिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, ठिबकच्या नळ्यांची एजन्सी चालवणारा ललित आबांसमोर उभा राहिला की अजूनही प्रगतिपुस्तक लपवणारा पोरगा होतो. "नानांनी जास्त आवळलं असणार," तो म्हणाला. खोटं घट्ट बसावं म्हणून तो मोठ्याने बोलला. "वय झालं आता त्यांचं. हाताला अंदाज राहिला नाही."

समोरच्या टपरीवर चहा गाळणाऱ्या विठाबाईंचा हात थांबला. आबा काही तरी बोलतील, मित्राची बाजू घेतील, असं ललितला वाटलं होतं. आबा म्हणाले, "सावळीराम, हात चालत नाही तर सांगायचं ना रे."

सावळीराम भांडले असते तर बरं झालं असतं. ललितला निदान चिडता आलं असतं. पण ते आपल्याच बोटांकडे बघत राहिले. "असंल," ते म्हणाले. "हल्ली मुंग्या येतात बोटांना. कळलं नसंल मला."

लाज वाटली की माणूस आधी उदार होतो. नवं कव्हर मी आणतो, चांगल्यातलं चांगलं आणतो, असं ललितने जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी सावळीरामांना स्कूटरवर मागे बसवून द्वारका चौकातल्या एका पार्टवाल्याकडे गेला. दुकानदाराने दोन कव्हरं काढली. एक कोरं, आरशासारखं चमकणारं, कंपनीच्या मालाची नक्कल. दुसरं मालेगावात मोडीत निघालेल्या गाडीचं, मळकट, रंगाचे पोपडे सुटलेलं. सावळीरामांनी दोन्ही काउंटरच्या काचेवर पालथी ठेवून बोटाने दाबून पाहिली. चमकणारं एका कोपऱ्यात डुलत होतं. मळकट मात्र काचेला चिकटून बसलं.

"कुठलं घेऊ, नाना?"

एरवी सावळीरामांनी ते कोरं कव्हर दुकानदाराच्या अंगावर भिरकावलं असतं आणि वर दोन शब्द सुनावले असते. आज ते मागे सरले. "तू ठरव. मी सांगितलं आन् पुन्हा गळलं, तर?"

ललितने मळकट उचललं. सावळीरामांनी नुसती मान हलवली, आणि ते बघून ललितला इतकी शरम वाटली की दुकानदाराशी घासाघीस करायचंही तो विसरला.

परतताना सिग्नलला स्कूटर थांबली, तेव्हा मागून सावळीराम म्हणाले, "दिवाळी झाली की गॅरेज बंद करतो. पोरीला सांगितलं मी. तू मनाला लावून घेऊ नको. तू खरं बोललास ते लय बरं केलं. उद्या कुणाचा ब्रेक माझ्या हातनं ढिला राहिला असता, मंग?"

ललितच्या कानशिलांना चटका बसला. खरं बोललास, म्हणे. सिग्नल सुटला तरी त्याला गियर टाकायचं सुचलं नाही, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा कुठे तो निघाला. गॅरेज येईपर्यंत सांगू, सांगू, असं त्याने मनाशी घोकलं आणि गॅरेज आलं तेव्हा गुमान स्कूटर स्टँडवर लावली.

आबा टपरीच्या बाकावर येऊन बसले होते. गॅरेज बंद होणार हे त्यांच्याही कानावर आलं होतं. सावळीरामांनी नवी पॅकिंग बसवली, कव्हर ठेवलं, बोल्ट हातानेच फिरवून लावले. मग पाना पुसला आणि ललितपुढे धरला.

"आवळ तू. मधल्या बोल्टापासनं बाहेर जा, थोडं थोडं. मी उभा हाये."

आजवर त्यांनी आपला पाना कुणाच्या हातात दिलेला नव्हता. आबा एकदा गमतीने घ्यायला गेले, तर त्यांच्या बोटांवर चापट बसली होती. तो पाना हातात घेऊन ललित इंजिनावर वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"नाना," तो बॉनेटखालीच पुटपुटला, "तडा तुमच्यामुळे नाही गेला. दसऱ्याला मी नारळ फोडला. कव्हरवर."

सावळीरामांनी कोपऱ्यातलं जुनं कव्हर उचललं, उजेडात धरलं, वाळलेलं कुंकू अंगठ्याने खरवडलं. खाली वाटोळा पोचा होता. त्यावरून ते अंगठा फिरवत राहिले.

"चहाचा कप धरला तरी मी हाताकडं बघायचो," ते म्हणाले. "सांडतो का म्हणून."

ललितला वाटलं, आता शिवी येईल. ती यावी असंच त्याला वाटत होतं.

"त्या दिवशी तू बोललास ते विठाबाईच्या टपरीपत्तूर ऐकू गेलं," सावळीराम म्हणाले. "आत्ताचं मलाच धड ऐकू नाय आलं."

ललित बॉनेटखालून बाहेर आला. टपरी चार पावलांवर होती, पण तिकडे तोंड करायला त्याला बळ आणावं लागलं. "आबा," तो म्हणाला, आणि मग आवाज चढवून, "विठाबाई, तुम्ही पण ऐका. कव्हर नानांनी नाही फोडलं. मी फोडलं. दसऱ्याचा नारळ मी इंजिनावर आपटला आणि नानांचं नाव घेतलं." गोष्ट तशी हसण्यासारखी होती, कुणी हसलं असतं तर तो सुटला असता. पण कुणीच हसलं नाही. विठाबाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पदराने हात पुसत पाठ फिरवली.

आबांनी बशी खाली ठेवली. दुखऱ्या गुडघ्यांनी उठून ते गॅरेजात आले. ललितकडे त्यांनी पाहिलं नाही.

"सावळीराम, मी पण लगेच मानलं रे," ते म्हणाले. "इतक्या वर्षांची ओळख, निदान एकदा तरी विचारायला हवं होतं तुला." मग थोडं थांबून, "दिवाळीनंतरचं ते... बंद करायचं, ते राहू दे आता."

"बघू. आधी हे गळतंय का ते बघू दे." सावळीरामांनी ललितपुढे हात केला. "आण इकडं."

ललितने पाना दिला. सावळीराम वाकले, मधल्या बोल्टला पाना लावला आणि थांबले. त्यांची बोटं थरथरत होती. त्यातली वयाची थरथर किती आणि आपण लावलेली किती, ते ललितला कळेना. विचारण्याचं तोंड त्याला राहिलं नव्हतं.