कुंपणाआतला चंडोल

माळाला कुंपण घालायचं ठरलं तेव्हा थोरलीनेच वडिलांना गळ घातली होती. "आबा, मेंढरं हटली की चंडोल वाढेल. खुरांखाली अंडी फुटतात त्याची." कुरण सुधारायच्या कामावर देखरेखीची नोकरी तिला तेव्हा नुकतीच लागली होती. आबांनी आढेवेढे न घेता कळप विकून टाकला. पोरगी शिकली ती काय उगाच, असं वर ज्याला त्याला सांगत फिरले.

पहिल्या वर्षी घरटी वाढलीही. मग थोरलीला चेव आला आणि तिने रांगाच्या रांगा झाडं लावली. गवत कमरेला लागलं, झाडांवर कावळे येऊन बसले. चंडोलाला हवं चरून आखूड झालेलं गवत आणि मोकळा माळ; तो आपला मुकाट निघून गेला. थोडी जनावरं आत चरू द्यायला हवी होती आणि झाडं नको होती, हे तिला कधीच कळून चुकलं होतं. पण ते बोलायचं म्हणजे आबांचा कळप फुकट गेला हे कबूल करायचं. तिची जीभ रेटेना.

आज तिच्या कामावरचे साहेब पाहुण्यांना घेऊन चंडोल ऐकवायला येणार होते. थोरलीने सकाळीच आपला जुना फोन गवतात दडवला. चंडोलाचं रेकॉर्डिंग मध्ये थोडं थांबून पुन्हा पुन्हा वाजत राहील, असं लावून ठेवलं.

पाहुणे कान देऊन ऐकू लागले, साहेब खूश झाले. पण कुणी बोलावलं नसताना धुतलेला सदरा घालून आबाही येतील, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

आबांचे डोळे भरून आले. "तुझं खरं झालं गं थोरले. मला आपलं वाटायचं, उगाच विकली मेंढरं." आणि गुडघ्यावर हात टेकत ते गवतात शिरले, पाखरू डोळ्यांनी बघायला.

तिला हाक मारता आली असती. ती खाली मान घालून उभी राहिली. आबा वाकले, बराच वेळ तसेच राहिले. मग परत आले ते एक हात खिशात घालून.

"दिसला?" साहेबांनी विचारलं.

"उडाला," आबा म्हणाले. गिऱ्हाइकाला मेंढीचं वयसुद्धा कधी खोटं न सांगितलेला माणूस. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीला तोंड कुठे लपवू असं झालं.

तेवढ्यात आबांच्या खिशातून दबका आवाज आला. आबा खोकू लागले. गाणं थांबेना, तसे आणखी जोरात खोकले, पार घामाघूम होईपर्यंत. तिच्याकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली.

"आबा, पुरे," थोरली म्हणाली. शरमेने तिचे कान तापले होते. तिने त्यांच्या खिशातून फोन काढला आणि सगळ्यांसमोर धरला.

"इथं चंडोल नाही, साहेब. मीच घालवला." मग ती आबांकडे वळली. "मेंढरं उगाचच विकायला लावली मी तुम्हाला."