फाटकावरची बेल

निरवांगीत कुणाच्या घरी जायचं तर अंगणातूनच हाळी द्यायची, "हायसा का वं घरात?" आणि उत्तर यायच्या आत थेट स्वयंपाकघर गाठायचं. घरची बाई न्हाणीत असली तर आलेली बाई आपली आपण चहा टाकते, डबे उघडून साखर शोधते, आणि साखर तळाला गेली असली तर वर तोंड करून बोलतेसुद्धा. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. गाव एवढंसं, त्यात लपवून ठेवावं असं कुणाकडे काय असणार!

विजयमालाही तशीच. तिच्या गोठ्याला लागून आनंदरावांनी बंगला बांधला, तेव्हापासून रोज सकाळी दुधाची किटली घेऊन ती मागच्या दारानं आत. आनंदराव मूळचे इथलेच, पण सगळी हयात पुण्यात नोकरीत गेली. निवृत्त झाल्यावर शांतता पाहिजे म्हणून बापाच्या रानात परत आले. त्यांची बायको विनयाताई मात्र पक्की पुण्याची, कॉलेजात शिकवणारी. ही बाई नाक वर करून वागणार असं विजयमालेला वाटलेलं. कसलं काय! दोघींचं असं गूळपीठ जमलं की विचारू नका. दूध पातेल्यात ओतायचं, गॅस पेटवायचा आणि ते वर येईस्तोवर ओट्याशी उभ्या उभ्या गावभरच्या गप्पा हाणायच्या. विजयमालेनं ताईंना खरडा वाटायला शिकवला. ताईंनी तिला वालचंदनगरला दिलेल्या लेकीला व्हिडिओ कॉल लावायला शिकवलं. पहिल्यांदा लेकीचं तोंड मोबाईलवर दिसलं तेव्हा दोघी रडल्या, आणि दूध उतू गेलं.

मग गेल्या दिवाळीनंतर बंगल्याला लोखंडी फाटक बसलं आणि फाटकाच्या खांबावर एक बेल. विजयमाला नेहमीसारखी आत निघाली, तर आनंदराव आडवे आले.

"विजयमाला, आता बेल वाजवत जा हं," ते हसूनच म्हणाले. "आणि किटली इथं कडीला अडकवलीत तरी चालेल. काय आहे, हिला सवय नाही ना कुणी असं सरळ आत आलेलं. अवघडल्यासारखं होतं तिला."

हिला म्हणजे विनयाताईंना! विजयमालेला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. किटली कडीला अडकवून ती घरी आली आणि जे तोंड सोडलं, ते नवऱ्यानं, रणजितनं, जेवण टाकून गोठ्यात जाईपर्यंत.

"तोंडावर विजयमाला विजयमाला, आन मागनं नवऱ्याच्या तोंडून निरोप! अवघडत हुतं तर मला सांगायचं की. मी काय खाणार हुते का तुमाला?"

"शेरातली माणसं ती. त्यांची रीत न्यारी," रणजित म्हणाला.

"रीत बसली खड्ड्यात!"

मानी बाई. त्या दिवसापासून तिनं बंगल्याची पायरी चढली नाही आणि त्या बेलला बोटही लावलं नाही. किटली अडकवायची, कालची रिकामी घ्यायची, चालू पडायचं. विनयाताई दोन-चारदा फाटकापर्यंत आल्या. "या ना आत, चहा टाकते," म्हणाल्या. विजयमाला रस्त्याकडं बघत म्हणायची, "काम पडलंय." मनातून आत जावंसं वाटायचं, का नाही वाटायचं! पण बोलावणं खरं असतं तर बेल कशाला बसवली असती? मग ताईही बोलवायच्या थांबल्या.

चैत्रातल्या एका दिवशी पहाटेच लाईट गेली. तारांचं काम चाललंय, संध्याकाळशिवाय यायची नाही, असं गावात कळलं. गिरणी बंद, मोटार बंद. म्हशींना पाणी हौदातून बादलीनं उपसून घालायची पाळी आली आणि विजयमालेचं डोकं सकाळपासूनच तापलेलं. आनंदराव आदल्या दिवशी पुण्याला लेकीकडं, इराकडं गेले होते. बंगल्यात ताई एकट्याच.

किटली अडकवून ती रानात गेली. वैरणीचा भारा घेऊन परतली तर किटली तशीच लोंबकळत होती. पुढचं दार बंद. तुळस कोरडी ठाक. उन्हं वर यायच्या आत तुळशीला पाणी घालणारी बाई ती, तिच्या काळजात चर्र झालं. आधीची विजयमाला असती तर भारा तिथंच टाकून मागच्या दारानं आत घुसली असती. पण आता कशी घुसणार? परत कुणी अवघडलं म्हणजे? तिनं भारा उतरवला, पदराला हात पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या बेलचं बटण दाबलं.

कुणी आलं नाही. तिनं पुन्हा दाबलं, चांगलं दम धरून दाबलं. फाटकाला लागूनच असलेल्या बैठकीच्या काळ्या काचेच्या खिडकीत तिला स्वतःचंच घामेजलेलं तोंड दिसत होतं. आतून हूं नाही की चूं नाही.

"ऐकू येतंय की सगळं! मुद्दाम उघडत न्हाईत," ती पुटपुटली आणि भारा उचलून निघून गेली.

दुपारी राहवेना म्हणून पुन्हा आली. किटली उन्हात तापलेली. झाकण काढलं तर दूध फुटून त्याचं पाणी झालेलं. बेल दाबली. पुन्हा तेच. मग मात्र तिचा पारा चढला. फाटक गदागदा हलवून ती सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "दूध नासवलं माझं! नगं असलं तर तोंडानं सांगावं माणसानं! एवढा कसला तोरा?"

रस्त्यानं जाणारी लीलाबाई फिसकन हसली. विजयमालेनं नासलेलं दूध नालीत ओतलं आणि तरातरा घरी गेली. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. इतक्या महिन्यांचं साठलेलं बाहेर पडलं होतं.

दिवस कलला तेव्हा रणजितचा फोन वाजला. आनंदराव बोलत होते. "रणजित, अरे विनया सकाळपासून फोन घेत नाही. आधी वाजत होता, आता बंद लागतोय. मी निघालोय पुण्याहून, पण जरा बघतोस का?"

रणजितनं फाटकावरून उडी मारून ते आतून उघडलं. मागचं दार आतून बंद होतं, ते पहारीनं उचकटलं. विजयमाला त्याच्या मागोमाग आत गेली आणि "अगं बाई गं!" म्हणून तिनं तोंडावर हात मारला.

विनयाताई जमिनीवर पडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. अंगावरून वारं गेलं होतं. स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत फरशीवर पाण्याचा ओघळ होता. तांब्या हातातून सुटला असणार आणि त्या ओल्यातून बाई एका हातानं सरपटत आली होती, थेट त्या काळ्या काचेच्या खिडकीपर्यंत. खिडकी जमिनीला टेकलेली. बाहेरून नुसती काळी दिसायची.

विजयमाला ताईंचं डोकं मांडीवर घ्यायला खाली बसली आणि सहज तिची नजर बाहेर गेली. फाटक दिसत होतं. कडी दिसत होती. खांबावरचं बटण दिसत होतं, स्वच्छ, ऊन पडलेलं.

तिनं ताईंकडं पाहिलं. ताई जाग्या होत्या. डोळे उघडे होते आणि ते विजयमालेच्या तोंडावरून हलत नव्हते.

जीपमध्ये घालून त्यांना बारामतीला नेलं. सगळ्या वाटेत विजयमालेनं त्यांचा हात सोडला नाही. रणजित दोनदा म्हणाला, "अगं, पाणी तरी पी." तिला ते ऐकूच आलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "हे कधी झालं?" कुणालाच सांगता येईना. "सकाळीच आणलं असतं तर फार फरक पडला असता," ते म्हणाले. "आता जीव वाचेल. बोलणं परत येईल का, ते मी सांगू शकत नाही."

आनंदराव पोचले ते धापा टाकत. आत जाऊन बायकोला बघून आले आणि बाहेर बाकड्यापाशी येऊन त्यांनी विजयमालेला चक्क हात जोडले. "तुम्ही होतात म्हणून वाचली. पुण्यात असतो तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. तुमचे उपकार कसे फेडू?"

विजयमालेला ते सोसवलं नाही. "हात नका जोडू आनंदराव," ती म्हणाली. "मी सकाळीच आले हुते. दुपारीबी आले. तुमी सांगितलं तशी बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं न्हाय, मला वाटलं मला टाळत्यात. मी... मी शिव्या घातल्या वं त्यांना. त्या आतनं बघत हुत्या."

आनंदरावांनी हळूच विचारलं, "आज लाईट होती?"

"न्हाय. पहाटंच गेली."

"बेल लाईटवर चालते, विजयमाला. आणि इन्व्हर्टरची बॅटरी खराब झालीय. नवी माझ्या गाडीत आहे."

विजयमालेला आधी काही कळेना. मग कळलं, तेव्हा तिनं कपाळ बडवून घेतलं. "अरं देवा! हाक मारली असती तर! नुसती मागनं गेले असते तर! पर त्यांनाच नगं हुतं ना माझं येणं? त्यांनीच सांगितलं हुतं ना तुमाला?"

आनंदराव बाकड्यावर बसले. चष्मा काढून हातात धरला.

"नाही," ते म्हणाले. "तिनं नव्हतं सांगितलं. मला नको होतं. सकाळी पेपर घेऊन बसलो की घरात येणंजाणं, बोलणं, हसणं. मला शांतता हवी होती. माझं नाव सांगितलं असतं तर तुम्हाला राग आला असता, म्हणून तिचं घेतलं. वाटलं, बायकाबायकांत चालून जाईल."

"आन ताईंना काय सांगितलं?"

"ती रोज विचारायची, विजयमाला आत का येत नाही, माझं काही चुकलं का. मी म्हणायचो, उसाची तोड चाललीय, कामात असेल."

"तुमच्या शांततेला आग लागो आनंदराव!" विजयमाला ओरडली. दवाखान्यातली माणसं वळून बघायला लागली. रणजितनं तिचा दंड धरला, तो तिनं हिसडून सोडवला. मग ती तिथंच भिंतीला टेकून मटकन खाली बसली. आत पडलेल्या बाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की विजयमाला फाटकाशी आली, नासलेल्या दुधावरून भांडली आणि निघून गेली.