जास्तीचा मणी

"थांब गो दिव्या! काय उपटलंस ता?"

गणपत बांधावरून ओरडला, पण उशीर झाला होता. भाताच्या कुणग्यातली, त्या लहानशा वाफ्यातली, एक ओळ मोकळी दिसत होती.

"लाल दोरो बांधललो ना काका? भेसळ ती. काल पलीकडच्या कुणग्यात मुकादमान दोरो बघूनच काढूक लावल्यान."

"ह्या कुणग्यात दोरो ठेवूच्या रोपांक आसा! टाकलंस खंय?"

"बांधार... उन्हात." मजुरीवरच्या दिव्याने बोट दाखवलं.

गणपत धावला. कसालजवळच्या या भातसंशोधनाच्या शेतात त्याची बायको मथुरा संकराचं काम करायची. उन्हाळी भातावर तिने केलेला शेवटचा संकर या ओळीत होता. पाऊस लागायच्या आधी ती गेली.

भाताच्या पेशीत चोवीस गुणसूत्रं असतात, या रोपांत पंचवीस. मथुरा त्याला जास्तीचा मणी म्हणे. त्यापायी रोप खुजं राहतं, दाणा कमी धरतो. पुढच्या पिढीत तो मणी जातो बहुतेक आईकडूनच, आणि तोही थोड्याच बियांत. तसलं बी आता शिल्लक नव्हतं. होतं ते या ओळीत पेरलं होतं.

तिथल्या शास्त्रज्ञ अस्मिता मॅडम धापा टाकत आल्या. उपटलेल्या रोपांच्या ढिगातली वरची मुळं तारेसारखी सुकली होती.

"राहू द्या, गणपतकाका. फुलोऱ्यातलं रोप उपटल्यावर सहसा जगत नाही."

"तळ बघूक देवा, मॅडम."

तो एकेक रोप उचलून मुळं चाचपत गेला. मेलेलं. हेही मेलेलं. दिव्या हुंदके द्यायला लागली.

"रडतंस कित्याक? चिखल भरून बादली घेवन ये आधी!"

अगदी तळाशी एका रोपाला मातीचा गोळा तसाच चिकटून होता. आत मुळं पांढरी होती. त्याने ते दोन्ही हातांवर उचलून बादलीत रोवलं. मॅडमनी कात्रीने पानांचे शेंडे छाटले. लोंबी अजून अर्धी पोटरीत, पानाच्या आवरणात, होती.

"जगलं, तरी मणी दोन-चार दाण्यांतच उतरेल. उतरला तर."

"आवशीकडसून येता मा?"

"हो, आईकडूनच."

"मगे येतलो."

मॅडमनी रोपाभोवतीचा चिखल बोटांनी दाबला.

मजूर बायका जेवायला सावलीत गेल्या. दिव्याने हाक मारली, "काका, पेज निवता!"

"जेवा तुमी."

गणपतने छत्री उघडून बादलीवर धरली. छत्री लहान, त्याचं डोकं उन्हातच राहिलं. ऊन सरकलं तसा तोही सरकत राहिला.