दोघांनी एकदम उघडलेली नोंद

मी नोंद बोलतेय. शाळेच्या बसच्या ऑफिसात, कॉम्प्युटरच्या पोटात राहते. पहिलीतल्या एका मुलीचं नाव, तिच्या बसचा नंबर, उतरायची जागा, एवढाच माझा संसार.

ऑफिसात दोन कॉम्प्युटर, एकमेकांकडे पाठ केलेले. एकावर फोन घेणाऱ्या ताई, दुसऱ्यावर कुठल्या मुलाला कुठली बस ते ठरवणारे दादा. मी दोघांनाही एकाच वेळी दिसते. दादांची एक खोड. मला उघडायचं आणि तसंच ठेवून चहाला जायचं. चहा कसला, गप्पांचा फडच तो!

एकदा असेच गेले. तेवढ्यात मुलीच्या आईचा फोन आला. "ताई, आज घरी कोणी नाहीये हो. तिला आजीकडे सोडाल ना?"

ताईंनी लगेच माझ्यात आजीचा पत्ता घातला आणि सेव्ह केलं. दादा परतले. त्यांच्या पडद्यावर मी अजून जुनीच. त्यांनी फक्त बसचा नंबर बदलला आणि सेव्ह दाबलं. झालं! अख्खी जुनी मी नव्या मीवर येऊन बसले. आजीचा पत्ता गेला.

बस मुलीला नेहमीच्या ठिकाणी सोडून गेली. घराला कुलूप. मग आजीचा फोन, "अहो, नात अजून आली नाही!"

ताई दादांकडे वळल्या. "मी लिहिलं होतं हो, शपथेवर सांगते!"

दादांनी मला उघडून दाखवलं. "कुठंय? विसरलात, असं सरळ सांगा ना."

ताई रडायलाच लागल्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला कुठलं तोंड? पोरगी बंद दारासमोर दप्तर कवटाळून बसलेली सापडली. रडून रडून घसा बसला होता बिचारीचा.

पुढे प्रोग्रॅम लिहिणारी एक बाई आली. तिने मला एक आकडा दिला. कुणी मला बदललं की तो वाढतो. सेव्ह करणाऱ्याकडे मला उघडतानाचा जुनाच आकडा असला, की मी साफ नाही म्हणते. हे सगळं तिने समजावून सांगितलं, तेव्हा दादा चहालाच गेले होते.

परवा पुन्हा तेच. दादा चहाला, आईचा फोन आणि ताईंनी माझ्यात घातलेला आजीचा पत्ता. दादांनी सेव्ह दाबलं आणि पडद्यावर आलं, 'तुम्ही उघडल्यानंतर ही नोंद बदलली आहे. आधी नवी वाचा.'

"काय कटकट आहे!" दादा पुटपुटले. मग वाचलं. उतरायची जागा, आजीचं घर.

 मग त्यांनी खुर्ची वळवली. "ताई, त्या दिवशीसुद्धा तुम्ही लिहिलं होतंत."

"मग? तेच तर सांगत होते," ताई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

तेव्हा मी नाही म्हटलं, तर चिडू नका. जरा मागे वळून विचारा. परवा पोरगी आजीच्या दारातच उतरली.