कोपऱ्यावरचा भारा

कोंडीरामला आजची चाचणी पास व्हायचीच होती. चाकणच्या गोदामात खोकी वाहून वाहून त्याची पाठ कामातून गेली होती. फोर्कलिफ्ट चालवायला मिळाली तरच नोकरी टिकणार होती.

शिकवायला चिंचवडहून दिग्विजय सर आले होते. "कोपरा आला की वेग कमी, आरशात नजर आणि हॉर्न," हे त्यांनी सकाळपासून सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं.

कोंडीराम कोपऱ्यावर आला. वरच्या गोल आरशात पलीकडच्या गल्लीतून एक बाई येताना दिसली. डोक्यावर ओल्या गवताचा भारा. त्यानं गाडी थांबवली, हॉर्न मात्र दिला नाही.

"हॉर्न कुठाय?" सर ओरडले.

"बाईमाणूस दचकंल, सर. डोक्यावर भारा हाय."

त्याचा जोडीदार ज्योतीराम खिदळला. "कोंडीभाऊ, कंपनीत गवत? सकाळीच टाकून आलास काय राव?"

सर पलीकडं जाऊन बघून आले. कुणीच नव्हतं. "आणखी एक संधी देतो. हॉर्न नाही वाजला तर नापास."

दुसऱ्या फेरीला ती आरशात उभीच होती. मान भाऱ्याखाली कलली होती. गोदाम व्हायच्या आधी इथून शेताकडं पाणंद जायची, आणि वाटेत भेटेल त्यानं भारा उतरवायला हात लावायचा, ही गावची रीत. ती हातासाठीच थांबली होती. कोंडीरामचा अंगठा हॉर्नवर गेला, पण दाबवेना.

त्यानं गाडीचे माल उचलायचे काटे जमिनीला टेकवले, हँडब्रेक ओढला, किल्ली काढून खिशात घातली आणि तो खाली उतरला. कोपऱ्यावर जाऊन त्यानं दोन्ही हात वर केले.

"सोडा मावशे, धरलाय म्या."

वजन आलं. त्याचे गुडघे वाकले, गार पाणी कोपरापर्यंत ओघळलं. त्यानं ते ओझं हळूच खाली टेकवलं. फरशी कोरडीच होती.

ज्योतीरामचं हसू विझलं होतं. सर आरशाकडं टक लावून बघत होते. ते म्हणाले, "हॉर्नचं राहू दे. गाडी नियमानं उभी केलीस. पास. पण ही गल्ली आजपासून तुझी. दुसऱ्या कुणाला मी इकडं पाठवणार नाही."

कोंडीराम परत गाडीवर चढला. किल्ली लावता लावता त्यानं वर पाहिलं. आरशात आता बायांची रांग लागली होती, लांबपर्यंत, प्रत्येकीच्या डोक्यावर भारा. पुढचीनं त्याच्याकडं बघत मान कलती केली.