सातव्या रिळातला घोडा

"चाचा, झालं का नाई? पोट्टे येऊन बसले," वसतिगृह चालवणारी जयवंता दारातूनच विचारत होती.

"होऊन राह्यलं बेटा, होऊन राह्यलं," गफ्फारचाचा म्हणाले आणि हातातलं सातवं रीळ तिला दिसू नये म्हणून पाठ फिरवून बसले.

अमरावतीच्या त्या वसतिगृहाचं जेवणघर सिनेमासाठी खिडक्यांना सतरंज्या लावून अंधारं केलं होतं, मागे भाड्याचं प्रोजेक्टर मशीन मांडलं होतं. साल २००६, महिना मे. आत बेचाळीस लेकरं मांडी घालून बसली होती आणि त्यातल्या एकाच्याही घरी बाप उरला नव्हता. वऱ्हाडात माणसं फवारणीचं औषध पीत होती, सरकार आकडे जुळवत होतं, पुढारी फोटो काढून घेत होते. जयवंतानं निदान लेकरं तरी आणली होती. आल्यापासून त्यांतलं एकही हसलेलं नव्हतं. हसतील तर घोडा उडताना पाहूनच हसतील, असं तिनं मनाशी धरलं होतं.

कारण लहानपणी ती स्वतः हसली होती. तिची आई बार्शीटाकळीच्या बाजारात भाजी विकायची आणि तिथल्या टॉकीजमध्ये अब्दुल गफ्फार सव्वीस वर्षं ऑपरेटर होते. दर उन्हाळ्यात तिथे उडत्या घोड्याचा सिनेमा लागायचाच. राक्षस कुंभाराला ढगांपलीकडच्या किल्ल्यात कोंडतो. त्याच्या दोन लेकरांनी घडवलेला मातीचा घोडा जिवंत होतो, त्यांना पाठीवर घेऊन उडतो आणि बापाला परत आणतो. घरोघरी टीव्ही आले, तरी लहानपणी तो पाहिलेल्या बाया आपली लेकरं घेऊन येतच राहिल्या. विचारलं तर सगळ्यांना घोडाच आठवे. बाप कुणाच्या लक्षात राहत नसे. तेव्हा बाप घरोघरी होते.

रीळ तुटलं की दोन्ही टोकं कापून सांधावं लागे. कापलेला तुकडा मिळावा म्हणून पोरं केबिनच्या दाराशी ताटकळत. उन्हात धरला की त्यात इवलासा घोडा दिसे. पुढे पुढे रीळ न तुटताही चाचा ब्लेड चालवू लागले. एवढ्याशानं काय होते? सेकंदाला चोवीस चित्रं पळतात, पाच-सहा गेली तर कुणाला कळणार? लेकराला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. आपल्या लेकीला, अनीसाला दिला, तिच्या मैत्रिणींना दिला, जयवंतालाही दिला. टॉकीज कायमची बंद झाली त्या दिवशी तर त्यांनी शिरणी वाटावी तसे तुकडे वाटले. किती गेलं ते पाहायला डोळे कोरडे कुठे होते?

नंतर वितरकाचं ऑफिसही बंद पडलं. रिळांचे डबे परत घेणारं कुणी उरलं नाही, ते सहा वर्षं चाचांच्या खाटेखाली पडून राहिले. जयवंताचा निरोप आला तेव्हा त्यांची छाती अशी फुगली, की डबे उघडूनही न पाहता ते एसटीत बसले.

आणि आता सातवं रीळ हातात होतं. लेकरं घोड्यावर बसतात, घोडा मान उचलतो. पुढे वीतभर फिल्म, आणि लगेच घराचं दार; मधलं उडणं कुठेच नव्हतं.

"काय झालं चाचा?" जयवंता अजून दारातच होती.

"काई नाई." तेव्हाच सांगायला हवं होतं. हिंमत झाली नाही.

सहा रिळं लेकरांनी गुमान पाहिली. सातव्यात घोड्यानं मान उचलली, तशी मागची दोन-चार पोरं गुडघ्यांवर उभी राहिली. खट्! बाप दारात उभा होता.

बार्शीटाकळीत रीळ नुसतं अडकलं तरी शिट्ट्यांनी पत्रे हालत आणि ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. चाचा वाट पाहत राहिले. आज त्यांना त्या शिव्या हव्या होत्या. पण एकही शिट्टी वाजली नाही. सकाळी घरात असलेलं माणूस दुपारी नसतं, हे ज्यांनी पाहिलं होतं, त्यांना मधलंच काही नाहीसं झाल्याचं नवल ते काय वाटणार? गुडघ्यांवरची पोरं पुन्हा खाली बसली.

रीळ बदलायला दिवा लावला. नऊ वर्षांची करिश्मा उठून मशीनपाशी आली.

"चाचा, घोडा तं जागचा हाललाच नाई. मंग बाप कसा आला?"

"उडला होता बेटा. आभाळभर उडला होता. मीच कापला त्याले."

"कावून?"

"लेकराइले वाटला."

"आमच्या गावात तं कोनालेच नाई भेटला," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

आठवं रीळ बाकी होतं. त्यात बाप चुलीपुढे बसून लेकरांना आपल्या हातानं भरवतो. चाचांनी ते डब्यातून काढलं, हातात धरलं आणि पुन्हा डब्यात ठेवून झाकण दाबलं.

"पिक्चर खतम, बेटा," ते मोठ्यानं म्हणाले.

अजून एक रीळ असतं, हे जयवंताला ठाऊक होतं. तिनं खिडकीवरची सतरंजी काढायला घेतली. लेकरं उठली आणि कुणी न सांगता जेवणाच्या रांगेत उभी राहिली.